रूळ संपले त्या गावाची गोष्ट: सोलापूर, १८६० ते १८७०

रेल्वे आली आणि सोलापूर वाढलं, असं सर्रास लिहिलं जातं. पण रेल्वे डिकसळला आली होती, बार्शी रोडला म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला आली होती, मोहोळलाही आली होती, आणि तिन्ही ठिकाणी सोलापूरच्या आधी. तिथे काही मोठी बाजारपेठ उभी राहिली नाही. सोलापूरचं वेगळेपण एवढंच, की इथे ती येऊन थांबली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मोहोळ ते सोलापूर हा तुकडा जून १८६० मध्ये सुरू झाला. पुढचा गुलबर्ग्यापर्यंतचा तुकडा उघडायला १८७० साल उजाडलं. मधली साडेनऊ वर्षं सोलापूर हे या फाट्यावरचं शेवटचं स्टेशन होतं.

आधीच्या ठाण्यांशी हे ताडून पाहावं. भीमेच्या काठावरच्या डिकसळला रूळ दहाएक महिने थांबले, बार्शी रोडला तीन महिने आणि मोहोळला साडेचार. एवढ्या वेळात वखार बांधून होत नाही. अडत्या दुकान थाटत नाही, हमालांची वस्ती बसत नाही. मोहोळहून गाडी सुटायला लागली तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होतं, की पावसाळ्याआधी हा पसारा पुढे सरकणार. पैसे कोण अडकवणार तिथे? सोलापुरात मात्र वर्षामागून वर्ष गेलं तरी रूळ हलेनात.

रूळ कुठे संपले

जुनं सोलापूर भुईकोट किल्ल्याच्या आणि सिद्धेश्वर तळ्याच्या अंगाने वसलेलं. कसबा आणि वारांच्या नावाच्या पेठा, भोवती गावकूस आणि त्यात वेशी. त्यातल्या तुळजापूर वेस, बाळीवेस, विजापूर वेस ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगता येतात, तट मात्र राहिला नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली, लष्कराच्या छावणीमुळे सदर बझार वाढला. स्टेशन आलं ते या सगळ्याच्या बाहेर, गावाच्या पश्चिम अंगाला मोकळ्या रानात. जमीन सपाट आणि स्वस्त असेल तिथे रेल्वे कंपनी ठाणं टाकते, पेठेच्या सोयीने टाकत नाही.

अडचण इथूनच सुरू होते. माल येणार पूर्वेकडून: नळदुर्ग, तुळजापूर, लातूर, अक्कलकोट, आळंद आणि त्याच्याही पलीकडचा निजामाचा मुलूख. स्टेशन पश्चिमेला. म्हणजे पूर्वेच्या बैलगाडीला एक तर वेशीतून शिरून पेठांच्या बोळांतून जायचं, नाहीतर गावाला वळसा घालून. कापसाने भरलेली गाडी रुंदीला चाकांच्या बाहेर हात-हातभर डोकावते. अशा दोन गाड्या बोळात समोरासमोर आल्या की एकीला मागे घ्यावं लागतं, आणि जुंपलेला बैल मागे चालायला मुळीच राजी नसतो. वळसा लांबचा, तरी शहाणा गाडीवान तोच घेई. गाव आणि स्टेशन यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात गाडीतळ, वखारी आणि पुढे गिरणी येण्यामागे हा साधा हिशेब आहे.

सरहद्दीची गंमत वेगळीच. नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात होता. तो निजामाला परत गेला १८६० मध्ये, म्हणजे सोलापुरात आगगाडी आली त्याच वर्षी. नळदुर्ग इथून सुमारे ४५ किलोमीटर, गाडीचा दोन मुक्कामांचा पल्ला. तेवढ्यात एक राज्य ओलांडायचं.

एका गाठीचा प्रवास

रेल्वे सुरू झाली ती मृगाच्या तोंडावर. त्या हंगामात तिचा कापसाला उपयोग शून्य. या भागातला कापूस वेचणीला येतो हिवाळा सरताना. सरकी काढून माल गाड्यांवर चढतो तो फाल्गुन-चैत्र-वैशाखात, कारण मग पाऊस लागतो आणि काळ्या रानातली गाडीवाट बंद होते. म्हणजे रेल्वेला मिळालेला पहिला खरा कापूस-हंगाम १८६१ चा. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. मुंबईत भाव तिपटी-चौपटीने चढले. हा योग जुळला नसता तर सोलापूरची ही साडेनऊ वर्षं बरीच सामसूम गेली असती, असं मला वाटतं.

आता एक गाठ घेऊन मुंबईपर्यंत जाऊ.

खेड्यात कापूस वेचला की त्यातून रुई निघते साधारण चौथा ते तिसरा हिस्सा, बाकी सगळी सरकी. म्हणून सरकी गावातच हातचरख्यावर काढायची. न काढता आणली तर एका गाडीच्या मालाला तीन-चार गाड्या लागतात, शिवाय सरकी गुरांना घरीच हवी असते. रुई गोणपाटात पायाने तुडवून भरली की झाला डोकडा. तो फुगीर असतो, जागा फार खातो. पक्की दाबलेली गाठ मुंबईच्या हिशेबात ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोची. कच्च्या वाटेवर बैलजोडी ओढते ते साधारण अर्धा टन, म्हणजे तीन गाठीही पुऱ्या नाहीत. सैल डोकड्यांत तर वजन भरण्याआधीच गाडी भरते. त्या काळच्या चारचाकी मालडब्यात सहा-सात टन माल जातो असं धरलं, तर एका डब्यामागे बारा-चौदा बैलगाड्या होतात. वीस डब्यांच्या एका मालगाडीसाठी अडीचशेच्या वर गाड्या सोलापुरात रित्या व्हाव्या लागतात. हिशेब ढोबळ आहे, पण गर्दीचा अंदाज यायला पुरे.

सोलापुरात बैलगाडी थेट फलाटावर जात नाही. ती अडत्याच्या वखारीशी जाते. माल उतरतो, काट्यावर चढतो, दलाल डोकड्यात हात घालून मूठभर रुई ओढतो, दोन्ही अंगठ्यांनी तंतू ताणून लांबी बघतो, सौदा होतो. मग दुसऱ्या गाडीवर चढून माल स्टेशनात, तिथून डब्यात. डबा वेळेवर मिळाला तर. नाही मिळाला तर ताडपत्रीखाली थप्पी. इंजिनाच्या ठिणग्या उडतात आणि सैल रुई आग पकडायला क्षण लावत नाही, म्हणून थप्पी रुळांपासून जितकी लांब तितकी बरी आणि हमालीच्या हिशेबाने जितकी जवळ तितकी बरी. हा तंटा तेव्हा कुठल्याही मालधक्क्यावर ऐकू येई.

डबा सुटला म्हणजे माल मुंबईला पोचला असं मात्र नाही. १८६० मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रूळ होते आणि मुंबईहून खोपोलीपर्यंत होते. मधला बोरघाट पुरा व्हायचा होता. सुमारे १८३० फुटांची चढण, सोळा मैलांच्या आसपास लांबी, पंचवीस बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि काम त्याची बायको अ‍ॅलिस हिने पुढे नेलं. घाट खुला झाला १८६३ च्या उन्हाळ्यात. तोवर सोलापूरची गाठ खंडाळ्याला डब्यातून उतरायची, बैलगाडीने घाट उतरायची आणि खोपोलीला पुन्हा डब्यात चढायची. मोजून पाहा: खेड्यात चढवणं, वखारीत उतरवणं, पुन्हा गाडीवर, डब्यात, खंडाळ्याला गाडीवर, खोपोलीला डब्यात, मुंबईला खाली. सात वेळा माणसाचा हात आणि सात वेळा लोखंडी आकडा. दर आकड्याला गोणपाट थोडं फाटतं आणि फाटक्या तोंडातून धूळ आत शिरते. कुलाब्याच्या कापूस मैदानावर पोचेस्तोवर मालाचा रंग उतरलेला असे, आणि तिथला खरेदीदार तो उतार सोलापूरच्या अडत्याच्या नावावर टाके.

तरीही हे परवडे. कारण आधीचा मार्ग म्हणजे दिवसाला वीसेक किलोमीटरच्या चालीने पुण्यापर्यंतच बारा-तेरा दिवस, मग घाट, मग पनवेल बंदर आणि तिथून पडाव, म्हणजे शिडाची होडी. वाटेत वळीव गाठला तर माल भिजला.

काट्यावरची भानगड

भाव चढले की भेसळ चढते. प्रकार ठरलेले होते. रुईत सरकी राहू द्यायची, डोकड्याच्या पोटात वाळू किंवा माती सोडायची, लांब धाग्याच्या मालात आखूड धाग्याचा माल मिसळायचा. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात घातक प्रकार म्हणजे रात्री रुई पसरून वर पाणी शिंपडायचं. ओली रुई वजनाला भरते, सकाळी हाताला गारवा लागतो तो पहाटेचा म्हणून खपतो. पण दाबलेल्या गाठीत ओल कोंडली की आत ऊब धरते, चार-सहा आठवड्यांत रुई पिवळी पडते, कुबट वास येतो आणि तंतू हातात तुटतो. तोवर मूळ विकणारा सापडत नाही. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा केला, तपासनीस नेमले, रुई दाबून गाठी बांधणाऱ्या दाबखान्यांना परवाने लावले. अनुभवी दलालाचा उपाय कायद्याहून जुना होता: डोकड्याच्या तोंडची रुई बघायचीच नाही, कोपर आत जाईपर्यंत हात घालून पोटातली ओढायची आणि गालाला लावायची.

दुसरी भानगड मापाची. पक्का शेर ८० तोळ्यांचा आणि ४० शेरांचा मण, म्हणजे ३७ किलोंच्या वर. मुंबईच्या कापूस बाजाराचा मण मात्र २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आत, आणि अशा २८ मणांची खंडी, ७८४ पौंडांची. शिवाय निजामाच्या मुलखात मापं निराळी आणि नाणंही निराळं, हाली शिक्क्याचं. खेड्यातल्या कुणब्याने ‘मण’ म्हटलं की अडत्या मनात तीन भाषांतरं करी आणि त्यातलं स्वतःच्या सोयीचं वहीत लिही. तारेने मुंबईचा भाव सोलापूरला त्याच दिवशी कळे. औशाच्या किंवा आळंदच्या शेतकऱ्याला तो आठवड्याने कळे, आणि तोही अडत्याच्याच तोंडून. पेठेतले चिरेबंदी वाडे नफ्यातून उभे राहतात तो नफा बहुतेक या आठवड्याभराच्या अंतरातला असतो. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले, तेव्हा चढत्या भावात माल धरून बसलेले मात्र याच तारेने रातोरात उघडे पडले.

बैल, चाक आणि पाणी

इतिहासात व्यापाऱ्यांची नावं राहतात. शेवटच्या स्टेशनाचं गाव रोज चालवतात ते लोहार, सुतार, नालबंद आणि कडबेवाले. चैत्र-वैशाखातली सोलापूरची हवा कोरडी ठणठणीत, पारा चाळिशीच्या वर. लाकडी चाकाचे आरे आणि पाट सुकून आक्रसतात आणि वरची लोखंडी धाव सैल होते. ‘खळ्-खळ्’ असा आवाज यायला लागला की गाडीवान समजतो. तात्पुरता उपाय म्हणजे चाक काढून रात्रभर पाण्यात टाकणं, लाकूड फुगतं आणि धाव बसते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. कायमचा उपाय लोहाराकडे. धाव काढायची, तिचा बोटभर तुकडा कापून सांधायची, गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगीत लाल करायची, तिघा-चौघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. लोखंड थंड होताना आक्रसतं आणि आऱ्यांना चाकाच्या मधल्या तुंब्यात घट्ट रेटतं. बोटभराऐवजी दोन बोटं तुकडा कापला तर आरे वाकतात आणि चाक बशीसारखं होतं. मग सुताराकडे.

काळ्या रानातल्या वाटेवर बैलाला नाल लागत नाही. खडीच्या सडकेवर लागतो, आणि स्टेशनाकडच्या सडका खडीच्याच. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ, जोडीला सोळा. दोराने पाय बांधून बैल पाडायचा, एकाने मानेवर बसायचं, नालबंदाने खूर तासून पत्री ठोकायची. खिळा जिवंत भागात गेला की बैल लंगडतो आणि गाडीवान आठ दिवस गाडीतळावर अडकतो. तिथे तो खातो, बैल खातात, उधारी वाढते.

पाण्याचा हिशेब जास्त गंभीर. समजा एका रात्री गाडीतळावर तीनशे गाड्या आहेत. सहाशे बैल. उन्हाळ्यात बैल दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी पितो, म्हणजे वीस हजार लिटरच्या आसपास, आणि तेही बहुतेक सकाळ-संध्याकाळच्या दोन पाळ्यांत. कडबा दिवसाला आठ किलो धरला तरी पाच टन, म्हणजे निव्वळ चाऱ्याच्या दहा गाड्या रोज गावात यायला हव्यात. गावाला सिद्धेश्वर तळं, आड आणि विहिरी. विहिरीवरच्या हाळाला, म्हणजे पाण्याच्या कुंडाला, जनावरं आणि काठावर घागरी घेऊन उभ्या बायका, दोघांनाही तेच पाणी. वैशाखात आडाचा तळ दिसायला लागला की भांडण आधी हाळावर पेटणार हे उघड आहे. एवढी जनावरं एका जागी आली की शेण आणि मूत्र जवळच्या उथळ आडांत झिरपतं, आणि पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर पटकी, म्हणजे कॉलरा, येते. त्या काळात यात्रेची गावं आणि गाडीतळ दोन्ही याच कारणाने ओस पडत.

गावाच्या ईशान्येला आदिला नदीवर एकरुख तलावाचं धरण बांधलं गेलं ते याच दशकाच्या उत्तरार्धात, आणि पुरं झालं १८७१ मध्ये. हेतू शेतीला पाणी देण्याचा होता. शहराची तहान त्यावर भागायला लागली ती पुढे. आपण ज्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो तो हाच.

बारा मिनिटं आणि सतरा मिनिटं

गाडी चुकण्याचं एक कारण आज कुणाच्या ध्यानातही येणार नाही. तेव्हा देशभर एक वेळ नव्हती. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला तीन अंशांहून थोडं जास्त आहे. अंशाला चार मिनिटं, म्हणून सूर्य सोलापुरात मुंबईपेक्षा बाराएक मिनिटं आधी डोक्यावर येतो. आगगाडी मुंबईच्या घड्याळाने चालली, तर सावली बघून निघालेला सोलापूरकर बारा मिनिटं आधी पोचून फलाटावर ताटकळतो. नुकसान काही नाही. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ धरली आणि मामला उलटला. मद्रास सोलापूरच्या पूर्वेला सव्वाचार अंशांवर, त्याचं घड्याळ सतरा मिनिटं पुढे. बाराची गाडी सोलापूरच्या उन्हाने पावणेबाराच्याही आधी सुटायची. सावलीवर विसंबलेल्याने धूर बघायचा. १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ ठरली तेव्हा हा फरक सव्वीस मिनिटांवर गेला, आणि तोवर लोक सावली बघायचे थांबलेच होते.

रूळ पुढे गेले

१८७० मध्ये गुलबर्गा, १८७१ मध्ये रायचूर. तिथे मद्रासकडून आलेले रूळ जोडले गेले आणि सोलापूर दोन टोकांमधलं एक स्टेशन झालं. आळंदचा कापूस आता गुलबर्ग्याला चढू लागला. १८७४ मध्ये गुलबर्ग्यापुढच्या वाडी स्टेशनाहून हैदराबादला निजामाची रेल्वे गेली आणि हैदराबादकडून येणाऱ्या गाड्यांचंही कारण संपलं. सोलापूरच्या वखारी, हमाल, अडत्ये, काटे, सगळं जागेवर होतं. येणारा माल तेवढा आटला.

त्याच १८७४ मध्ये मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली, १८७७ मध्ये गिरणी चालू झाली. पुढे तिला जुनी गिरणी हेच नाव पडलं आणि आसपासच्या भागाला मुरारजी पेठ. गाव आणि स्टेशन यांच्या मधला तो पट्टा, दहा वर्षं गाठी हाताळून सरावलेले हात, कापूस आणून टाकायची गाडीवानांची सवय, कोळसा आणि यंत्रं आणायला रूळ, सूत घ्यायला गावातच साळी, कोष्टी, मोमीन आणि पद्मशाली विणकर. गिरणीवाल्याला यातलं काहीच नव्याने उभारावं लागलं नाही. मुंबईला गाठ पाठवण्याऐवजी तीच गाठ इथे फोडायची, एवढाच फरक.

पण मधे १८७६-७७ चा दुष्काळ आला आणि रेल्वे आहे म्हणजे धान्य पोचलं, ही समजूत उघडी पडली. स्टेशनात धान्य उतरत होतं. खेड्यात न्यायला बैल नव्हते. चारा संपला, जनावरं मेली नाहीतर मिळेल त्या किमतीला विकली गेली, आणि उरलेल्या गाड्यांचं भाडं परवडेना. रुळापासून दहा कोसांवरचं गाव धान्याच्या बाबतीत शंभर कोस लांब गेलं. तीनशे गाड्यांच्या ज्या गर्दीने आधीच्या दशकात हाळावर भांडणं लावली असतील, ती गर्दी आता हवी होती.

शेवटच्या स्टेशनाचं काम पुढे सोलापूरजवळच्या होटगीच्या वाट्याला आलं. १८८० च्या दशकात होटगीहून विजापूरमार्गे गदगला मीटरगेज रेल्वे गेली. साडेपाच फुटी रुळांवरचा डबा तिच्यावर चालत नाही, म्हणून दर गोण एका डब्यातून काढून शेजारच्या डब्यात टाकायची. १८९७ मध्ये अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे निघाली आणि कुर्डुवाडीलाही तेच सुरू झालं. तीन महिन्यांत जिथून पसारा उठला होता तिथे हमालांची पक्की वस्ती बसली, ती रूळ संपले म्हणून नव्हे, तर रुळांची रुंदी बदलली म्हणून.